कपाळावरचा रुपया

वालचंदनगर,
२७ ऑक्टोबर २०२५

चि. रामा,

आशीर्वाद तुला नको असतील, पण थोरल्या बहिणीच्या हातून कागदावर पहिल्यांदा तेच उतरतात, त्याला माझा इलाज नाही.

फोन तू घेत नाहीस. माझा नंबर ब्लॉक केलास हे मला स्वरूपानं सांगितलं, त्यासाठी बायकोवर चिडू नकोस. ह्यांच्या फोनवरून केला तर माझा आवाज ऐकून ठेवून दिलास. म्हणून हे पत्र. पोस्टात पाकीट मागितलं तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, बारामतीला? तासाभरात जाऊन सांगून येताल की." तिला काय सांगणार, की तासाभराच्या वाटेवर माझा सख्खा भाऊ दार लावून बसलाय.

गुरुवारी भाऊबीजेला मी चंद्राला ओवाळलं. भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं. क्वार्टरच्या मागच्या अंगणात ताट घेऊन उभी होते, तर शेजारच्या रंगूबाई कुंपणावरून म्हणाल्या, "अवो, तुमाला तर भाऊ हाय न्हवं?" मी म्हटलं, आहे, पण बारामतीला असतो. तर म्हणतात, "बारामती काय परदेशात हाय व्हय?" मी ताट घेऊन आत आले. चोपन्न वर्षांच्या बाईला शेजारणीपुढं खाली बघायला लावलंस. बरं वाटलं का?

आई जाऊन आठ महिने झाले. तेव्हापासून तू भावकीत एकच सांगत फिरतोयस, की आईची तिरडी दारात होती आणि आक्का आत बसून पैसे निवडत होती. दहाव्याला सगळ्या चुलत्या माझ्याकडं कशा बघत होत्या ते मी पाहिलंय. तेराव्याला मी निघाले तेव्हा तू गोठ्याकडं तोंड करून म्हणालास, "आता हितं यायचं काम न्हाय." माझ्याकडं बघून म्हणाला असतास तर मी उत्तर तरी दिलं असतं. ते उत्तर आता देते.

त्या मंगळवारी मी बँकेत काउंटरवर होते. अकराच्या सुमाराला स्वरूपाचा फोन आला. मी पर्स उचलली आणि होते तशी निघाले. पर्समध्ये नव्या रुपयांची एक पिशवी होती, शंभर नाण्यांची, सील न फोडलेली. सकाळीच आमच्याकडं नवी नाणी आली होती आणि शंभराची नोट भरून मी एक पिशवी घेतली होती. माझा हा नाद तुला नवा नाही. "पैसा खरचायचा आसतो, बघत बसायचा न्हाय," असं आई मला किती वेळा म्हणाली असेल.

गावी, अंथुर्ण्यात पोचले तेव्हा आईला आंघोळ घालून झाली होती. मग भावकीतल्या बापूसाहेब तात्यांनी रुपया मागितला. कपाळाला बंदा रुपया लावल्याशिवाय आपल्यात उचलत नाहीत. अंगणात पन्नास माणसं होती आणि एकाच्याही खिशात रुपया नाही. सगळे फोनवरून पैसे देणारे. कुणी पाचाचं नाणं पुढं केलं तर तात्या म्हणाले, "पाच न्हाय चालायचं. रुपयाच पायजे, आन् बंदा पायजे, फुटका-खोटा न्हाय." तेव्हा तूच माझ्याकडं वळलास. "आक्का, तुज्याकडं आसंल."

मी माजघरात गेले, पिशवी फोडली, खिडकीपाशी बसले आणि आईसाठी चांगला रुपया शोधायला लागले. नवी नाणी सगळी चकचकीत असतात असं लोकांना वाटतं. पिशव्या आदळतात, नाण्यावर नाणं घासतं, ओरखडे पडतात. आईनं जन्मभर फुटक्या कपातला चहा आपल्याकडं घेतला आणि धड कप दुसऱ्याला दिला. शेवटचा रुपया तरी तिला धड द्यावा, एवढाच माझा हेतू होता. त्यात पाच-दहा मिनिटं गेली असतील.

हा गुन्हा असेल तर तसं लिहून कळव. नसेल तर भावकीला जसं घरोघर जाऊन सांगितलंस, तसंच घरोघर जाऊन परत घे. माहेर काही तुझ्या एकट्याच्या नावावर नाही.

तुझी,
आक्का

वालचंदनगर,
२० नोव्हेंबर २०२५

चि. रामा,

उत्तर आलं नाही. स्वरूपाला विचारलं तर म्हणाली, "वन्सं, दोनदा वाचलं त्यांनी. मग म्हणाले, आक्का आजून खोटं बोलती."

मी हे वाक्य आठ दिवस घेऊन फिरतेय. काउंटरवर माझ्याकडून परवा एका गिऱ्हाइकाला पन्नासच्या जागी शंभराची गड्डी गेली. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. गिऱ्हाईक भलं, त्यानं परत आणून दिली.

तर ऐक. पाच-दहा मिनिटं नव्हती ती. त्याहून पुष्कळ जास्त होती.

तुला माझा नाद माहीत आहे, पण त्यात काय असतं हे तू कधी विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. बावीस वर्षांपूर्वी वरकुट्याचे एक आजोबा काउंटरवर आले. रुपया पुढं सरकवून म्हणाले, "बाई, ह्याला एकच बाजू हाय. दुकानदार घीना." खरंच, एका बाजूला छाप होता आणि दुसरी बाजू ताटलीसारखी कोरी. मी त्यांना माझ्या पर्समधला रुपया दिला आणि ते नाणं ठेवून घेतलं. ते खोटं नव्हतं. टाकसाळीत नाणं ठोकताना कधी चकती सरकते, कधी ठसा चिरतो, कधी दोन चकत्या एकदम आत जातात. हजारोंत एखादं तसं बाहेर पडतं. वापरातल्या नाण्यात ते शोधण्यात अर्थ नाही, कारण झीज कुठली आणि चूक कुठली ते ओळखता येत नाही. कुणी सायकलखाली घातलेलं असतं, कुणी लोहाराकडं ठोकून घेतलेलं असतं. म्हणून मी न वापरलेलीच बघते, सीलबंद पिशवीतली, टाकसाळीनंतर कुणाच्या हाताला न लागलेली. आधी कड बघायची, मग सिंह, मग नाणं उभ्या आसावर फिरवून मागची बाजू सरळ येते का ते. एका नाण्याला पंधरा-वीस सेकंद. बावीस वर्षांत मी किती हजार नाणी अशी फिरवली असतील त्याचा हिशेब नाही. सापडली एकतीस.

तुम्ही सगळे मला हसता. हे तर म्हणतात, "बाकीच्या बायका तांदूळ निवडतात, आमची रुपये निवडते." मी पण हसते. पण एखादं सापडतं तेव्हा मला जे होतं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. छातीत एकदम गार वाटतं आणि कान बंद होतात. त्या मिनिटाला मी कुणाची बायको नसते आणि कुणाची बहीण नसते.

आता त्या दिवसाचं. मी पिशवी फोडली आणि पहिलंच नाणं हाताला आलं ते स्वच्छ होतं. ओरखडा नाही, डाग नाही. तेव्हाच उठून बाहेर यायचं होतं. आई माझी, तिला तेवढा रुपया पुरे होता. पण माझ्या हातानं दुसरं उचललं. मग तिसरं. पर्समधून भिंग कधी काढलं ते आठवत नाही. मांडीवर पदर पसरला होता, बघून झालेली डावीकडं आणि राहिलेली उजवीकडं, दहा-दहाच्या ओळीत. तुला वाटेल मला भान नव्हतं. भान होतं. तात्यांनी दोनदा हाक मारली, ती मला ऐकू आली.

चौसष्टावं नाणं तसं निघालं. सिंह एका अंगाला सरकलेला, जवळजवळ कडेबाहेर गेलेला, आणि दुसऱ्या अंगाला चंद्राच्या कोरीएवढं कोरं पोलाद. इतकं सरकलेलं मला आजवर कधी मिळालं नव्हतं. रामा, मला आनंद झाला. आई दहा पावलांवर पडली होती आणि मला आनंद झाला. हे लिहायला मला महिना लागला.

तरीही मी उठले नाही. कारण एक सापडलं की त्याच पिशवीत दुसरं असतं. यंत्र ढिलं पडलं की एका नाण्यावर थांबत नाही, लागोपाठ पाच-सात तशीच पडतात. नाद असलेल्या कुणालाही विचार. उरलेल्या छत्तीसांत त्याचं भावंड असणार असं मला वाटलं आणि मी शोधत राहिले.

तेव्हा तू आत आलास. मला वाटलं ओरडशील. तू दारात उभा राहून इतकंच म्हणालास, "आक्का, आई भाईर हाय गं." मग वाकलास, माझ्या पदरातून हाताला आला तो रुपया उचललास आणि गेलास.

तर तू भावकीला जे सांगितलंस ते खरं होतं. मी खोटी आणि तू खरा. माफी मागते. थोरल्या बहिणीनं धाकट्याची माफी मागायची रीत नाही, पण रीत मी आधीच मोडलेली आहे.

आक्का

वालचंदनगर,
१६ डिसेंबर २०२५

चि. रामा,

तुझं पत्र आलं. पोस्टमनला मी पाणी दिलं, बसा म्हटलं, चहा टाकते म्हटलं. तो बिचारा घाबरून निघून गेला.

"आक्का, तू कबूल केलंस, माजा राग गेला," हे वाक्य मी ह्यांना तीनदा वाचून दाखवलं. हे म्हणाले, आता पाठ झालं, पुढचं वाच. वर्षश्राद्ध ३१ जानेवारीला अंथुर्ण्यातच करायचं, हे फार चांगलं केलंस. बारामतीच्या फ्लॅटमध्ये आईला गुदमरल्यासारखं व्हायचं, जिवंतपणी काय आणि नंतर काय. आम्ही गुरुवारीच येऊ. स्वयंपाकाचं मी बघते म्हणून स्वरूपाला सांग. तिनं गेल्या वेळेला आमटीत मीठ दोनदा घातलं होतं, ते मी अजून कुणाला बोलले नाही. आईच्या आवडीची गव्हाची खीर करू. गूळ मी आणते. मागच्या खोलीची चावी तात्यांकडं असेल तर आधी घेऊन ठेव. मी दोन दिवस आधी येऊन लोटून-पुसून घेईन.

पत्रात तू दुसरं जे विचारलंस, ते वाचून मात्र जीव कसानुसा झाला. तू लिहिलंस, "घाईत म्या तुज्या पदरातला रुपया उचलला आन् आईच्या कपाळाला लावताना बघितलं तर त्येचं चित्र एकीकडं गेल्यालं, निम्मा कोरा. तात्या म्हणलं व्हतं फुटका-खोटा न्हाय चालायचा. पर समदी खोळंबली व्हती, तसाच गुलालात दाबला. सावडताना राखंत हुडकला, घावला न्हाय. तुज्यावर आरडत फिरलो ती त्येच्याचपायी. मला माज्यावर आरडता येईना. आईला म्या खोटा रुपया दिऊन धाडली का गं? तुला नाण्यांतलं कळतं, तूच सांग."

रामा, ते नाणं खोटं नव्हे. नीट समजून घे. ते सरकारी टाकसाळीत, खऱ्या ठशाखाली पडलेलं नाणं असतं. चित्र सरकलं म्हणून रुपयाचे बारा आणे होत नाहीत. तू मनाला लावून घेऊ नकोस. आईला टाकसाळीतलाच रुपया लागला, हे मी तीस वर्षं रोकड सांभाळलेली बाई तुला सांगते. त्यावर आता विचार करायचा नाही.

थंडी वाढली आहे. ऊसतोडीच्या गाड्यांनी रस्ता भरलेला असतो, मोटारसायकलवरून जा-ये करू नकोस.

तुझी,
आक्का

वालचंदनगर,
१० जानेवारी २०२६

रामा,

काल स्वरूपा एकटीच येऊन गेली. तुला सांगून आली नव्हती, आणि मी सांगतेय म्हणून तिला बोलू नकोस. पायरीवरच रडायला लागली. म्हणाली, "वन्सं, ते म्हणत्यात म्या पिंड देणार न्हाय. माज्या हातचं आईला पोचत न्हाय." तू तात्यांपाशी त्या रुपयाचं बोललास आणि तात्या म्हणाले की खोटा रुपया लागला असेल तर म्हातारीला गती नाही. आता पिंडाला चुलत भावाला बसवायचं ठरवलंयस. आईचा एकुलता एक मुलगा तू, आणि तिच्या वर्षश्राद्धाला पाटावर दुसरा बसणार. मी विचारलं, माझं पत्र वाचलं ना त्यानं, खोटं नव्हतं म्हणून लिहिलंय ना मी? तर म्हणाली, "वाचलं. म्हणत्यात, आक्का मन राखायला लिहिती."

तू मला बरोबर ओळखतोस. मन राखायला नव्हतं लिहिलेलं, पण खरंही पुरतं लिहिलं नव्हतं. सोळा डिसेंबरचं पत्र लिहिताना मला सगळं माहीत होतं. तू माहेरी बोलावलं होतंस, मला खिरीचा गूळ दिसत होता, आणि मी गप्प बसले.

आता लिहिते. एका दमात वाच.

तू रुपया उचलून गेलास तेव्हा मी पदर गोळा करून बाकीची नाणी पिशवीत भरली. वेगळं काढून मांडीवर मधोमध ठेवलेलं ते एक नाणं कुठं दिसेना. मी पदर झटकला. सतरंजी उचलून बघितली. मग मला समजलं की तू तेच नेलंस. बाहेर आले तर आईच्या कपाळावर ते होतं. गुलालात बसवलेलं, कोर वरच्या अंगाला. इतकी माणसं होती, कुणालाच काही दिसत नव्हतं. मला अंगणाच्या त्या टोकावरून दिसलं.

मग बायकांनी पाणी पाजायला सुरुवात केली. माझी पाळी लेक म्हणून शेवटी होती. मी तिथं उभी होते आणि माझ्या डोक्यात आई नव्हती. थोड्या वेळानं हे जळणार, एवढंच होतं. आई जळणार असं नव्हे रे. ते जळणार. पिशवीतलं एक स्वच्छ नाणं मी माजघरातून निघतानाच मुठीत घेतलेलं होतं. तुळशीच्या पानानं तिच्या तोंडात पाणी घातलं आणि कपाळावर हात फिरवायला म्हणून वाकले. डोक्यावरचा पदर पुढं आलेला होता. तीस वर्षं रोकड मोजलेली बोटं आहेत माझी. ते काढलं आणि हे दाबलं, तेवढ्यात झालं. तिचं कपाळ गार होतं. मी तशीच वाकून राहिले, कारण मूठ कशी लपवायची ते सुचेना. तू माझ्या शेजारी होतास. मी रडतेय असं समजून तू माझ्या पाठीवर हात ठेवलास. मी रडत नव्हते.

म्हणजे तू आईला धड रुपया लावून पाठवलंस. बंदा, नवा, कुणाचा हात न लागलेला. मला खात्री आहे, कारण तो मी लावला. चितेवर तिच्या कपाळाला होता तो चांगलाच होता. तात्यांना सांग, हवं तर माझं नाव घेऊन सांग. तुझ्या हातात काही खोट नाही. आईकडून ओरबाडून घेतलं ते मी.

ते नाणं माझ्याकडं आहे. मी ते कुणाला दाखवलं नाही, विकलं नाही, वहीत नोंदवलं नाही. बत्तिसावा आकडा मी घातलेलाच नाही. त्याच्या कडेला गुलाल आहे, तो पुसला नाही. काढून टाकावं, नीरा नदीत सोडून यावं असं दहा वेळा ठरवलं, दोनदा पुलापर्यंत गेले. हात होत नाही. आणि हेही लिहिते, कारण आता अर्धवट लिहून चालणार नाही. डबा उघडला की मला ते अजून सुंदर वाटतं. मग माझी मलाच इतकी चीड येते की जेवण जात नाही.

हे मी स्वरूपाला सांगितलं नाही. ह्यांनाही नाही. फक्त तुला लिहितेय, तेही माफीसाठी नाही. मागच्या वेळेला माफी मागितली ती निम्म्या गुन्ह्याची होती आणि तू पुऱ्याची दिलीस. ती मी घेऊन बसले असते तर तू पाटावरून उठला असतास.

पिंड तूच दे. मी येत नाही. तू ये म्हणालास ते हे माहीत नसताना, तेव्हा ते बोलावणं मी धरत नाही. गूळ ह्यांच्याबरोबर पाठवते.

राजलक्ष्मी

वालचंदनगर,
२ फेब्रुवारी २०२६

चि. रामा,

हे काल सकाळी परत आले. मला एकट्याला का पाठवतेस म्हणून ह्यांचं माझ्याशी आधी दोन दिवस भांडण झालं होतं. मी गुडघ्याचं कारण सांगितलं. त्यांना ते पटलं नाही, पण गेले.

आल्यावर मी समोर बसवून सगळं विचारलं. चहा गार झाला तरी सोडलं नाही. ह्यांनी सांगितलं की पाटावर तूच बसलास. पिंड तूच दिलास. गुरुजींनी सांगितलं तसं सगळं सावकाश केलंस, कुठं घाई नाही, कुठं अडलं नाही. तात्या शेजारीच होते, काही बोलले नाहीत. खीर थोडी पातळ झाली होती म्हणे. ती होणारच, स्वरूपाला गव्हाचा अंदाज नाही.

मग पंगतीला तात्यांनी विचारलं, "लक्ष्मी का आली न्हाय?" मी म्हटलं, पुढं काय ते बोला. तू वाढत होतास. मान वर न करता म्हणालास, "आक्काला बरं न्हाय." तात्या म्हणाले, दवाखान्यात दाखवा. तू म्हणालास, "दाखवतो." आणि पुढच्या पानाकडं गेलास.

गेल्या वर्षी तू घरोघर माझी गोष्ट सांगितलीस तेव्हा मी तुझ्यावर जळत होते. परवा भरल्या पंगतीत विचारलं असताना झाकलंस, आणि मला ते जास्त लागलं. का ते मला सांगता येत नाही. ह्यांनी ते सहज सांगितलं, त्यांना त्यातलं काही ठाऊक नाही.

जेवणं उरकली, भावकीतली माणसं पान खात अंगणात बसली होती, पोरं दंगा करत होती, आणि तू ओसरीवर भिंतीला टेकलास तो तसाच आडवा झालास. भर दुपारी, लोकांत. घोरायला लागलास. स्वरूपानं येऊन पोरांना मागच्या दारी पिटाळलं आणि ह्यांना हळूच म्हणाली, "दाजी, वरीस झालं, ह्यांना आसं झोपल्यालं बघितलं न्हवतं." संध्याकाळपर्यंत तू उठला नाहीस. सकाळी हे निघाले तेव्हाही झोपलेलाच होतास. मग ह्यांनी उठवलं नाही.

मी ह्यांना तीनदा विचारलं की माझ्यासाठी काही निरोप दिला का, काही म्हणाला का. तिसऱ्यांदा हे चिडले. म्हणाले, "झोपलेला माणूस काय म्हणणार?"

मग मी उठून स्वयंपाकघरात गेले. सकाळची भांडी पडली होती, ती घासायला घेतली. तिथं मला रडू आलं. तुझ्या निरोपासाठी नव्हे. आईसाठी आलं. तिच्या कपाळाचा गारवा बोटांना लागला होता, तेव्हा मी फक्त मूठ सांभाळत होते. नळ सोडून ठेवला आणि दुपारपर्यंत तिच्यासाठी रडले.